कुंकवाचं बोट

तापलं की तहानतं, हा या धातूचा स्वभाव. थंड असताना टायटॅनियम कोणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्यात ठेवा, खाऱ्या पाण्यात ठेवा, गंज म्हणून चढायचा नाही. पोलादाहून हलकं आणि तरी तगडं. कातडी मात्र नाजूक. दुसऱ्या धातूवर घासलं की सोलतं, चिकटून बसतं. म्हणून त्याची कातडी टणक करून घ्यावी लागते. बंद भट्टीतली हवा ओढून काढायची, धातू लाल होईस्तोवर तापवायचा आणि मग शुद्ध नायट्रोजन सोडायचा. तहानलेला धातू तो वायू कातडीनं पितो आणि सोन्यासारखी पिवळी, टणक साल धरतो. पण त्या घटकेला दुसरं काही समोर आलं, फटीतून शिरलेली हवा म्हणा, कोणाच्या हाताचा ओशटपणा म्हणा, तर तेही पितो. आणि एकदा प्यालेलं परत देत नाही.

प्रवीण हे सगळं आईला जेवता जेवता सांगायचा. दुसरं होतं कोण? तिशी ओलांडली तरी लग्न नव्हतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये परमनंट आहे का, आणि उत्तर ऐकून चहा अर्धा ठेवून उठायचे. त्याची आई भागीरथाबाई मात्र घास हातात धरून ऐकायची.

"लेकरावानीच हाय म्हना," ती म्हणायची. "तापात पानी मांगते अन् जे देसान ते पेते."

"म्हनून तं कोनाचा मयका हात लागू द्यायचा नाही त्याले," प्रवीण म्हणायचा. "निर्मळ हात पायजे."

ती मान डोलवायची. निर्मळ म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

कोहका वस्तीतलं हे घर तिच्या नवऱ्यानं, फकिरानं बांधलेलं. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांना सोडून तो प्लांटमध्ये आला, रेल मिलमध्ये जन्म घालवला आणि रिटायर होऊन अंगणातल्या बाजेवर पुरता बसलाही नाही तोच गेला. मागे दोन पोरं राहिली. मोठा हेमराज कामासाठी सुरतेला गेला. सुरुवातीला दिवाळीला यायचा. मग नुसता फोन यायला लागला. मग फोनही आटला, उन्हाळ्यात विहीर आटते तसा. एकदम नाही, रोज दोर थोडा जास्त सोडावा लागतो आणि एक दिवस बादली तळाला वाजते. तेव्हापासून भागीरथाबाईच्या ताटासमोर एकच ताट उरलं होतं, आणि आता तेही उठायच्या बेतात होतं.

त्याचं असं झालं. प्रवीण ज्या शेडमध्ये कामाला होता ती अरुणकुमार साहेबांची. साहेब प्लांटमधले निवृत्त अधिकारी; इंडस्ट्रियल एरियात त्यांनी ही शेड टाकली होती. गिअर, शाफ्ट असली कामं नेहमीची. कोपऱ्यात ती हवा काढायची भट्टी, शेडमधली सगळ्यात हौसेची आणि सगळ्यात रिकामी वस्तू. साहेबांच्या मुलाची बडोद्याला मोठी शेड होती आणि त्याचा या भट्टीवर डोळा होता. साहेबांनी प्रवीणला समोर बसवून स्वच्छ सांगितलं. नागपूरकडच्या एका कंपनीच्या पंपाच्या दांड्या आहेत, टायटॅनियमच्या. हा पहिला घाणा पास झाला तर काम कायमचं, भट्टी इथेच. नाही झाला तर भट्टी ट्रकवर चढेल आणि बडोद्याला जाईल. भट्टी जाईल तिथे तूही जाशील, कारण इथे मग तुला द्यायला काम नाही.

घरी येऊन प्रवीणनं हे जसंच्या तसं सांगितलं. बडोद्याला शेडच्या वर खोली होती, चार जण मिळून राहायचे, आईला नेण्याची सोय नव्हती. भागीरथाबाईनं सगळं ऐकलं. तिनं एकदाच विचारलं, "तू बी जाशीन का रे, बाबू?" आणि उत्तराची वाट न बघता भांडी उचलून नळावर गेली. नळ किती तरी वेळ वाहत होता.

भिलाईत विश्वकर्मा पूजेला यंत्रं आंघोळ करतात. त्या दिवशी शेडमध्ये पताका लागल्या, लेथच्या गळ्यात झेंडूचे हार पडले, ग्राइंडरवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं. कामगारांच्या बायका-पोरं नव्या कपड्यांत आली. बुंदीचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून गेला. दांड्या आदल्या दिवशीच तयार झाल्या होत्या. बाबुलालनं, म्हणजे उतईहून सायकलवर येणाऱ्या प्रवीणच्या जुन्या सोबत्यानं, त्या ॲसिडमधून काढल्या होत्या, स्पिरिटनं धुतल्या होत्या, हातमोजे घालून तारेवर एकेक टांगल्या होत्या आणि वर प्लास्टिकची स्वच्छ चादर ओढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी भरायची होती. वीतभर लांबीच्या त्या दांड्या चादरीआडून अशा दिसत होत्या जशी काही बारशाला आणलेली पोरं.

भागीरथाबाई पहाटे डोक्यावरून न्हाली होती. धुतलेलं लुगडं, पोटात पाण्याशिवाय काही नाही. साहेबांच्या पत्नी प्रेमलाताई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि बायका पुढे होऊन यंत्रांना कुंकू लावत होत्या. भागीरथाबाई भिंतीला लागून मागेच उभी राहिली. फकिरा गेल्यापासून ती ताटापुढे जात नसे. प्रेमलाताईंनी तिला हाक मारली खरी, पण दुसऱ्यांदा मारली नाही.

आरती झाली, भोगाची खिचडी वाढायला घेतली, सगळे बाहेर मांडवात बसले. प्रवीण पाण्याचा जग घ्यायला आत आला तेव्हा भट्टीमागून बारीक आवाज येत होता. आई गुणगुणत होती. दळताना, कांडताना, त्याला तेल चोळताना जी चाल ती धरायची तीच चाल.

लोखंडाच्या गावामंदी, लेक माहा लोखंडाचा,
अगीनमाय सांभाळ वं, जीव त्याचा लोनियाचा.

मग ती बाहेर आली. पदराचं टोक मुठीत गोळा करून धरलेलं.

"काय करून राहिली वं माय तिकडं?"

"तुये पोरं पाहून राहिली होती," ती म्हणाली. "गुनाचे दिसतेत."

तो हसला. त्यालाही ती पोरंच वाटत होती. आई तेवढ्यानं खूश आहे, हे बघून त्याला बरं वाटलं आणि त्यानं तिच्या पत्रावळीत बुंदी जास्तीची वाढायला लावली. तिनं ती गाठीला बांधली. उपास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आणि बाबुलालनं चादर काढली. दांड्या चमकत होत्या. पुसलेल्या धातूवर डोळ्याला काय दिसणार? भट्टी भरली, झाकण आवळलं, पंप लावला. काटा खाली खाली जात राहिला आणि थांबायचा तिथे थांबला. कुठे गळती नाही. नायट्रोजन सोडला तेव्हा बाबुलालनं हात जोडले. भट्टी तापली, ठरल्या वेळेपर्यंत तापातच राहिली, आपल्या चालीनं थंड होत गेली. प्रवीणनं तिच्याजवळून हलायचं नाव घेतलं नाही. जन्मात इतकी सरळ चाललेली भट्टी त्यानं पाहिली नव्हती.

झाकण उघडलं आणि आत सकाळ झाल्यासारखं वाटलं. सगळ्या दांड्या पिवळ्याधमक, हळदीच्या अंगाच्या. बाबुलालच्या तोंडून "जय हो" निघालं. प्रवीणनं हातमोजा घालून पहिली दांडी उचलली, उजेडात फिरवली. डोक्याकडच्या चपट्या बाजूवर एक डाग होता. राखाडी, मध्ये तपकिरी. त्यानं मोजा काढून नखानं टोकलं, तर तिथली सोनेरी साल पापुद्र्यासारखी उडाली. त्यानं दुसरी उचलली. तिच्यावरही तिथेच. तिसरीवरही.

बाबुलालचा चेहरा उतरला. "मोर हाथ ले होगे का भैया?" तो म्हणाला आणि स्वतःचे दोन्ही पंजे उलटेपालटे करून बघायला लागला.

प्रवीणनं दांडी डोळ्यांजवळ धरली. तो डागाचा आकार बघत होता. खाली गोल, वर निमुळता. बोट टेकवून वर ओढलं की होतो तसा. शाळेच्या पहिल्या दिवशी, दहावीच्या पेपरांना, आयटीआयच्या मुलाखतीला, आजवर कितीदा तरी हे बोट त्याच्या कपाळावर टेकून असंच वर ओढलं गेलं होतं. कुंकू कोरडं चिकटत नाही म्हणून ती थोड्याशा तेलात कालवायची. दांडीला कपाळ कुठलं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. आणि नंतर पदरानं पुसून घेतलं होतं, लेकाच्या कामात पसारा नको म्हणून. कुंकू पुसलं गेलं. तेल राहिलं, बोटाचा घाम राहिला. तहानलेला धातू तेच आधी प्याला.

तिनं एकाही दांडीला वगळलं नव्हतं.

कंपनीकडून तपासायला देशकर आले. मूळचे नागपूरचे, शांत बोलणारे, कोणाचं वाईट न चिंतणारे गृहस्थ. त्यांनी दांड्या ओळीनं मांडल्या, भिंगातून पाहिल्या आणि भिंग खाली ठेवलं. ते म्हणाले की एखाद-दुसऱ्या दांडीवर डाग असता तर तेवढ्या बाजूला काढून बाकीच्या घेतल्या असत्या. सगळ्यांवर, एकाच जागी आहे, म्हणजे तुमच्या रीतीतच काही चुकतंय. हे पंपात ॲसिड खेळवणारे भाग आहेत. साल सुटली तर कोणी तरी माणूस भाजेल.

अरुणकुमार साहेबांचा आवाज चढला. धुतलं कोणी, टांगलं कोणी, असं म्हणत ते बाबुलालकडे वळले. बाबुलाल मान खाली घालून उभा. त्यानं नाही म्हटलं नाही. आपलंच काही चुकलं असणार, हे त्यानं केव्हाच कबूल करून टाकलं होतं.

"त्याचं नाही," प्रवीण म्हणाला. "माझा मोजा फाटला होता. माझ्या ध्यानात आलं नाही."

देशकरांनी त्याला बाजूला बोलावलं. भट्टीच्या पलीकडे, जिथे त्या दिवशी ते गुणगुणणं ऐकू आलं होतं तिथेच ते दोघं उभे राहिले.

"फाटक्या मोज्याचा डाग असा नेमका पडत नाही, प्रवीण," देशकर म्हणाले. "बाकीचं काम तर मी फार कमी ठिकाणी पाहिलंय असं. कशाचा डाग आहे ते सांग. एकदाच झालेली चूक आहे आणि पुन्हा होणार नाही, एवढं मला कळलं तर मी वर शब्द टाकू शकतो. दुसरा घाणा मिळेल तुला."

प्रवीणनं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या आईनं कुंकू लावलं. मग साहेब ऐकतील. मग प्रेमलाताई ऐकतील आणि म्हणतील की मी तिला ताटापुढे बोलावलं तेव्हा आली नाही आणि मागून जाऊन हे केलं. मग सगळी शेड ऐकेल. कोहक्यापर्यंत जाईल. विधवा बाईनं चोरून कुंकू लावलं आणि लेकाची भट्टी गेली. पोरं हसतील, बायका हसणार नाहीत, ते आणखी वाईट. आणि ती, जिला अजून काहीच माहीत नाही, तिला हे कोणाच्या तरी तोंडून, पाण्याच्या रांगेत कळेल.

"मोजाच होता साहेब," तो म्हणाला.

देशकरांनी चष्मा खिशात घातला. "तुला सांगायचं नाही, एवढं समजलं मला," ते म्हणाले आणि गेले.

भट्टी सोडवायचं काम लगेच सुरू झालं. पाइप निघाले, पंप निघाला, नायट्रोजनच्या नळकांड्या परत गेल्या. प्रवीण स्वतःच्या हातानं नट सोडत होता.

घरी त्यानं एवढंच सांगितलं की माल नापास झाला आणि पितृपक्ष सरला की निघायचंय. नापास का झाला, हे तिनं विचारलं नाही, यानं त्याला तेव्हा हायसं वाटलं. त्याच संध्याकाळपासून भागीरथाबाईनं अन्न सोडलं. डोंगरगडच्या बमलाई देवीचा उपास धरला म्हणाली. नुसतं पाणी, कधी चिमूटभर गूळ, तोही प्रवीणनं हट्ट केला तर. तिला साखरेचा आजार. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणून तिनं गोळ्याही सोडल्या. तो रागावला, हात जोडले, एकदा ताट उचलून आपटायलाही निघाला होता. ती देव्हाऱ्यापुढे बसून राहायची. हळूहळू भिंतीच्या रंगात मिसळत चालली.

मग एका दुपारी शेजारच्या दामिनीचा फोन आला की काकू नळावर पडल्या. तो शेडमधून तसाच धावत आला. दामिनीनं तिला उचलून बाजेवर ठेवलं होतं, साखरपाणी पाजलं होतं. ती दामिनीवर चिडली होती, की उपास मोडला माझा, आता पहिल्यापासून धरावा लागेल. दामिनी डोळ्यांनीच प्रवीणला काय ते सांगून निघून गेली.

प्रवीणनं कुकर लावला. वरण-भात केला. ताट घेऊन तो बाजेशी जमिनीवर बसला.

"कावून करून राहिली हे, माय?"

तिनं सांगितलं. तुटक तुटक, भिंतीकडे बघत. कुंकू आपण लावलं. आपल्याला अधिकार नव्हता. जिचं कुंकू पुसलं गेलं तिनं ते दुसऱ्याला लावू नये, हे ठाऊक असून लावलं. वाटलं, मायच्या हाताला देवी काही म्हणायची नाही. पण देवी कोपली. तुझी भट्टी गेली ती माझ्या पापानं. आता अन्न न घेता बमलाईच्या पायऱ्या चढीन, तिच्यापुढं नाक घाशीन, म्हणजे ती तुझं जाणं मागे घेईल.

प्रवीणला तेव्हा खरोखर वाटलं की आपल्याजवळ तिच्यासाठी औषध आहे. इतके दिवस ते उगाच दडवून ठेवलं. पाप नाही, कोप नाही, एवढं तिला समजलं की ती सुटेल. तो तिच्या जवळ सरकला, तिचा हात हातात घेतला आणि जेवताना सांगायचा तसंच, साध्या शब्दांत सांगायला लागला.

"देवी नाही कोपली वं. देवीचा संबंधच नाही. तेलाचं होते ते. कुंकवातलं तेल अन् बोटाचा घाम. कोनाचंबी बोट असतं तरी तसंच झालं असतं. प्रेमलाताईचं असतं तरी. सवाष्णीचं असतं तरी. मले तं डाग पायल्या पायल्या समजलं."

तिचा हात त्याच्या हातात होता. तो गार पडत गेलेला त्याला कळला.

"मी आंग धुतलं होतं," ती म्हणाली. "उपासी होती."

"हो वं माय."

"हात निर्मळ होता माहा."

"होता. पन त्याले तसा निर्मळ नाही चालत. त्याले हातच नाही चालत."

ती उठून बसली. त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो कुठल्या तरी लांबच्या गावाहून आलेला पाहुणा होता आणि नाव आठवत नव्हतं.

"तुले पायल्या पायल्या समजलं. मंग साहेबाले सांगतलं कावून नाही? म्हातारीनं येडेपना केला म्हनून सांगतं. लोकं माह्यावर थुकले असते, थुकू देतं. भट्टी तं राह्यली असती?"

‘नसती राहिली’ असं प्रवीणला खोटं बोलायचं होतं. एरवी जमलंही असतं. त्या घटकेला शब्द आला नाही, आणि न आलेल्या शब्दातूनच तिला सगळं कळलं.

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. कोणाच्या तरी घरी टीव्हीवर हिंदी मालिका लागली होती. भागीरथाबाईनं पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते.

"देवीचा कोप असता तं उपासानं फिटला असता," ती म्हणाली. "पायऱ्या चढली असती. हे कायनं फिटन रे, बाबू?"

तहान, तेल, घाम, वायू, सगळं प्रवीणला माहीत होतं, आणि कोणाचाच राग नसलेल्या त्या गोष्टीत तिला पकडायला एक पायरीही नव्हती.

"आता तू जाय," ती म्हणाली. "पितरपाट सरायची वाट नको पाहू. उद्याची गाडी भेटते का पाय. माह्या हातापासून जेवढा दूर राहाशीन तेवढं चांगलं."

"माय, असं नको बोलू."

तिनं ताट ओढून घेतलं. वरणात मीठ घालायचं तो विसरला होता. तिनं मागितलं नाही. भाताचा ढीग मोडला, कालवला आणि खायला लागली. भरभर नाही, सावकाश नाही, काम उरकावं तशी. इतके दिवस ज्या घासासाठी त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं ते घास एकामागून एक जात होते आणि प्रवीणला ताट हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. ती उपाशी होती तोवर तिला तो इथे हवा होता. प्रत्येक घासागणिक ती त्याला सोडत होती.

तिनं ताट स्वच्छ केलं. शेवटचं शीतसुद्धा बोटानं टिपून तोंडात घातलं. मग ताटातच हात धुतला, पाण्याची धार सोडून पुष्कळ वेळ धुतला, बोटाच्या पेरापेरातून, आणि ओला हात लुगड्याला न पुसता तसाच अंगापासून लांब धरून बसून राहिली.